रोजगार हमीच्या पैशाचा हिशेब पगारदारांनीही मागावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दारिद्र्य निर्मूलनाचा विषय निघाला की चर्चा हटकून अनुदाने आणि लाभार्थ्यांच्या याद्यांपाशी येऊन थांबते. मात्र गरिबाला लाभार्थी न मानता कामाचा हक्कदार मानणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला आणि त्याचा भार उचलण्यात शहरातल्या पगारदाराला सहभागी करून घेतले, याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात गावांच्या विकासासाठी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याची उद्दिष्टे मोठी होती, पण लोकांचा खरा सहभाग त्यात निर्माण झाला नाही, हे 1957 साली बलवंतराय मेहता समितीने दाखवून दिले आणि त्यातून पंचायत राज आले. भूमिहीन मजुराच्या रिकाम्या हातांचा प्रश्न तरीही उरलाच. त्याला उत्तर शोधले विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी. 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याच्या त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला आणि 1972 च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती उपसत होती. 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, हे बंधन त्याने शासनावर घातले. भत्ता प्रत्यक्षात क्वचितच मिळाला, हे मान्य केले पाहिजे. तरीही काम मागणाऱ्याला उपकाराची भाषा ऐकवता येणार नाही, एवढे बळ या तरतुदीने मजुराला दिले, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने दर कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

या हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता 1975 साली पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर लागू झाला आणि जमा रकमेइतकीच भर शासनाने रोजगार हमी निधीत घालावी, असे ठरले. आज वेतनचिठ्ठीत दरमहा 200 रुपयांची आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची कपात पाहणाऱ्या किती जणांना तिचा उगम ठाऊक असेल? वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने ठरली आणि त्यानंतर पगार कितीतरी पटींनी वाढले असतानाही ती तेथेच थांबली आहे. ती वाढवण्यास माझ्यासारख्या पगारदाराची हरकत नसावी, असे मी मनापासून म्हणतो. मात्र त्याआधी या कराचे किती रुपये जमले, शासनाने बरोबरीची भर किती घातली आणि कोणत्या तालुक्यात किती मजुरांच्या हाती मजुरी पडली, याचा हिशेब शासनाने दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात, सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत, सभागृहासमोर ठेवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक