पिकअपला बसवलेल्या अलॉय चाकांबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मालवाहू पिकअपला कमी क्षमतेची अलॉय चाकं बसवून दिल्याबाबत; पैसे व मूळ स्टीलची चाकं परत मिळणेबाबत.

महोदय,

दसऱ्याच्या आधी मी माझी पिकअप टायर बदलायला आपल्या कोल्हापूर शाखेत आणली होती. कामापुरते टायर टाकून परत जाणार होतो. आपल्या विक्री प्रतिनिधीने स्टीलची चाकं काढून अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं घालायचा आग्रह धरला. वजनाला हलकी, ब्रेक लवकर थंड होतात, गंज नाही, मायलेज वाढतं, असं त्यांनी सांगितलं. मी एकच गोष्ट दोनदा विचारली : "गूळ भरून घाट उतरायचा असतो, चालेल ना?" उत्तर आलं, "बिनधास्त." चार अलॉयचे 34,000 रुपये घेतले आणि माझी चार स्टीलची चाकं 4,000 रुपयांना जमा करून घेतली. जॉबकार्डवर आपल्याच माणसाच्या अक्षरात "पिकअप, मालवाहू" असं लिहिलेलं आहे.

दोन महिन्यांत मागचं डावं चाक तडकलं. त्यावर आपल्या कार्यालयाचं उत्तर आलं की गाडी ओव्हरलोड असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो.

त्या दिवशी गाडीत गुळाचे 10 किलोचे 120 रवे (ढेपा) होते, म्हणजे 1,200 किलो गूळ. निघताना काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन 2,810 किलो आलं, पावती जोडली आहे. आरसीवर मंजूर वजन 2,950 किलो आहे. मग ओव्हरलोड कुठून झालं?

आता आपलं चाक बघा. खोललं तेव्हा आतल्या बाजूला कोरलेला आकडा मी पहिल्यांदा पाहिला : 690 किलो. एका चाकाला 690, तर चार चाकांना 2,760. म्हणजे ही चाकं माझ्या गाडीचं कायदेशीर वजनसुद्धा पेलू शकत नाहीत. आणि हा हिशेब चारही चाकांवर सारखा भार धरून आहे. माल भरलेल्या पिकअपचा बहुतेक भार मागच्या दोन चाकांवर असतो, हे आपल्या दुकानातल्या पोरालाही माहीत असेल. त्याच चाकावर नुसतं "जेडब्ल्यूएल" आहे. ही जपानी मानकाची प्रवासी मोटारीच्या चाकाची खूण. हलक्या ट्रकच्या चाकावर "जेडब्ल्यूएल-टी" असते. बोल्टची भोकं जुळली म्हणून चाक बसलं. ते भार घेईल का, हे विकण्याआधी कुणी पाहिलंच नाही.

त्या रात्री गाडी माझा धाकटा भाऊ रत्नागिरीला घेऊन चालला होता. आंबा घाटात एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं. साखरप्याला पोचल्यावर त्याचा फोन आला, "दादा, गाडी मागनं डुलाय लागलीया." पंक्चरवाल्याने टायर तपासला, खिळा नाही, काही नाही. मग त्याने साबणाचं पाणी चाकावर ओतलं, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, धातूतून निघत होते. एका काडीपासून कडेपर्यंत ओळीने, केसाएवढ्या चिरेतून. भाऊ घाट उतरून आला होता. हेच चाक तासाभरापूर्वी वळणावर सुटलं असतं तर मी आज पैशांसाठी पत्र लिहीत बसलो नसतो.

स्टेपनी स्टीलची होती, पण अलॉयचे नट तिला नीट बसेनात, आणि जुने नट आपण परत दिलेच नव्हते. नट मिळेपर्यंत पहाटेचे चार वाजले. सकाळचा माल दुपारी पोचला.

आपण आता "वेल्डिंग करून देतो" म्हणता. साहेब, कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव आहे. शिरोलीला ओतकामात आयुष्य गेलेल्या माझ्या शेजाऱ्यांना मी चाक दाखवलं. त्यांनी समजावलं ते असं : ओतलेल्या अलॉयला भट्टीत तापवून, पाणी देऊन ताकद आणलेली असते, आणि वेल्डिंगच्या आचेनं जोडाभोवतीची ती ताकद निघून जाते. स्टीलचं चाक खड्ड्यात वाकतं, उद्यमनगरात ठोकून सरळ करून मिळतं. माझं जुनं एक चाक तसं दोनदा केलेलं होतं आणि ते चालत होतं. अलॉय वाईट असं माझं म्हणणं नाही, घरच्या मोटारीला मी स्वतः ती वापरतो. पण टनभर माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला क्षमतेचा आकडा न बघता ती देणं ही आपली चूक आहे. वेल्ड केलेलं चाक मी भावाच्या गाडीखाली घालणार नाही.

माझ्या मागण्या : 34,000 रुपये पूर्ण परत करावेत. माझी स्टीलची चार चाकं नटांसह परत द्यावीत, विकली असतील तर गाडीच्या मूळ मापाची नवी द्यावीत. त्यांचे 4,000 रुपये मी लगेच परत करतो. कडेने कापला गेलेला टायर बदलून द्यावा. आणि याच मॉडेलची चाकं ज्या ज्या पिकअपवाल्यांना दिलीत, त्या सगळ्यांना फोन करून आकडा सांगावा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी पैशांपेक्षा मोठी आहे. सध्या गुळाचा हंगाम आहे, त्या गाड्या रोज भरून घाट उतरताहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. गाडी धंद्याची आहे म्हणून मी ग्राहक नाही, असं कृपया सांगू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते.

तडकलेलं चाक मी जपून ठेवलं आहे. आपला तंत्रज्ञ पाठवा, आकडा आणि चीर दोन्ही समोर दाखवतो.

सोबत : बिल, जॉबकार्ड, काटापावती व आरसीच्या प्रती, चाकाचे फोटो.

आपला,
पिकअप मालक (बिलावरील नावाप्रमाणे)
कोल्हापूर