पाय म्हणजे 22/7 नव्हे

महोदय,

आमच्या शेजारची नववीतली मुलगी परवा घटक चाचणीचा पेपर घेऊन रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. 'पाय ही संख्या परिमेय की अपरिमेय?' या प्रश्नाला तिने 'परिमेय' असं उत्तर लिहिलं होतं. (पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास; परिमेय म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी मांडता येणारी संख्या.) कारणही दिलं होतं: पाय म्हणजे 22/7, आणि तो तर अपूर्णांक आहे. त्यावर लाल फुली, शून्य गुण.

उत्तर चुकलंच आहे. पण तिला दोष कसा द्यायचा? फळ्यावर पाय आणि 22/7 यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह काढून हे आपणच तिला शिकवलं. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि घाईच्या तासाला मीही तसंच लिहिलं आहे, याची आज खंत वाटते. उदाहरणांतल्या त्रिज्यासुद्धा ठरलेल्या: 7, 14, 21. सातने भाग जातो, उत्तर पूर्णांकात येतं. त्रिज्या 10 दिली की मुलं बावरतात.

तिला मी स्वयंपाकघरातून ताट आणायला सांगितलं. व्यास 28 सेंमी. काठाला शिवणाचा दोरा गुंडाळताना तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा पट्टीवर भरला 88 सेंमी. 22/7 नेही 88 च येतात. खरा परीघ 87.96 सेंमीच्या आसपास. फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, तो दोऱ्याच्या जाडीतच हरवतो. मग तिने पृथ्वीचा व्यास घेतला, 12,742 किमी. तिथे 22/7 वापरल्यावर परीघ 16 किमीने जास्त आला. पोरीने कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, तेव्हा तिचा विश्वास बसला.

आपल्या पूर्वसुरींनी ही काळजी घेतली होती. आर्यभटाने 'आर्यभटीया'त व्यास 20,000 असेल तर परीघ 62,832 सांगितला, म्हणजे 3.1416, आणि त्यालाही 'आसन्न' म्हटलं. आसन्न म्हणजे जवळचा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 3927/1250 हे 'सूक्ष्म' आणि 22/7 हे 'स्थूल', व्यवहारापुरतं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आजही आहे. त्याच महाराष्ट्रात 'स्थूल' हा शब्द वर्गातून गळून पडावा, याचं वाईट वाटतं. तिकडे ग्रीक गणिती आर्किमिडीजनेही 96 बाजूंच्या बहुभुजाकृतींवरून पाय 223/71 पेक्षा मोठा आणि 22/7 पेक्षा लहान आहे, एवढंच दाखवलं होतं. कोणत्याच अपूर्णांकात पाय बसत नाही, हे गणिती लॅम्बर्टने अठराव्या शतकात सिद्ध केलं.

पायच्या π या चिन्हाचीही गोष्ट मुलांना सांगावी. दोन खांबांवर आडवी तुळई असं दिसणारं हे ग्रीक अक्षर विल्यम जोन्सने 1706 मध्ये परीघ आणि व्यासाच्या या गुणोत्तरासाठी वापरलं आणि गणिती ऑयलरमुळे ते रुळलं. परिघासाठीच्या ग्रीक शब्दाचं ते आद्याक्षर. त्या शब्दातलं 'पेरि' आणि आपल्या 'परीघ'मधलं 'परि' मुळात एकच.

पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 22/7 जरूर वापरा, पण प्रत्येक वेळी त्याआधी 'सुमारे' लिहा. निदान एका उदाहरणात त्रिज्या 5 किंवा 10 द्या. आणि 22 जुलैला, म्हणजे 22/7 च्या दिवशी, प्रत्येक वर्गात एक ताट आणि दोऱ्याचं एक रीळ न्या.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक