हातरेखाटनाच्या ॲनिमेशन अभ्यासिकेसाठी नाशिककरांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पंचवटीतील आमच्या बालवाचनालयाच्या माडीवरची खोली बरीच वर्षे जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवण्यापलीकडे कशालाही उपयोगी पडत नव्हती. ती आता रिकामी केली आहे. तेथे मुलांसाठी हाताने चित्रे काढून ॲनिमेशन शिकण्याची कायमस्वरूपी अभ्यासिका उभारावी आणि तिच्या भिंतींवर ॲनिमेशन चित्रकार पद्मश्री राम मोहन यांच्या जीवनकार्याचे चित्रफलक लावावेत, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे. या कामासाठी पैशाची, वस्तूंची आणि त्याहूनही अधिक जाणत्या हातांची गरज आहे, म्हणून हे आवाहन.

राम मोहन यांचे नाव अनेकांच्या कानावरून गेले नसेल, परंतु कार्टूनमधली शाळेत जाण्यासाठी धडपडणारी मीना आणि तिचा मिठू पोपट ज्यांनी लहानपणी दूरदर्शनवर किंवा शाळेत पाहिला, त्यांनी राम मोहन यांचे काम पाहिले आहे. 1931 साली जन्मलेला हा माणूस मद्रासमध्ये रसायनशास्त्र शिकत होता. तो अभ्यास सोडून 1956 साली ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेच्या नव्याने सुरू झालेल्या कार्टून विभागात उमेदवारी करू लागले. अमेरिकी तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्ने स्टुडिओतले चित्रकार त्याच सुमारास तेथे शिकवण्यासाठी आले होते. वीक्स यांचा जन्म भारतातच, मिशनरी कुटुंबात झालेला. ‘बांबी’सारख्या चित्रपटांवर त्यांचा हात फिरलेला. त्यांच्या शेजारी बसून आपल्याकडची पहिली शिकलेली पिढी तयार झाली आणि 1957 साली त्या विभागातून जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा ॲनिमेशनपट बाहेर पडला. ही विद्या पुस्तकातून आली नाही, शेजारच्या हाताकडे पाहत आली, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते आणि अभ्यासिकेची सारी कल्पना तिच्यावरच उभी आहे.

या कामातले कष्ट किती, ते आकड्यांवरून लक्षात यावे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले तरी सेकंदाला 12 चित्रे लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला 7,200. मुख्य चित्रकार हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था रेखाटतो आणि त्यांच्या मधली चित्रे साहाय्यक भरतात. कागद इकडचा तिकडे हलू नये म्हणून त्याला भोके पाडून तो पट्टीवरच्या खुंट्यांत अडकवतात. पेन्सिलीचे काम पसंत पडले की प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक पत्र्यावर, शाईने गिरवायचे, मागच्या बाजूने रंग भरायचा, तो वाळू द्यायचा आणि मग वर टांगलेल्या कॅमेऱ्याखाली एकेक सेल ठेवून एकेक चौकट टिपायची. ज्यांनी ही हजारो चित्रे भरली, त्यांतल्या बहुतेकांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत.

राम मोहन यांनी हे काम पन्नासहून अधिक वर्षे केले. ‘होमो सॅप्स’ आणि ‘यू सेड इट’ या लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. फिल्म्स डिव्हिजन सोडल्यानंतर 1972 साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधला ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. जपानचे युगो साको यांच्याबरोबर त्यांनी रामायणावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, आणि तो 2025 साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. 2006 साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी ॲनिमेशन शिकवणारी संस्था सुरू केली. 2014 साली पद्मश्री मिळाली आणि 11 ऑक्टोबर 2019 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे फलक नाशिकमध्ये का, असे काही सभासदांनी विचारले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरून, एकेक चौकट टिपत, त्याचा वेल होईपर्यंतची वाढ चित्रित केली होती. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी एक गमतीचा लघुपटही केला. चौकटीमागून चौकट टिपून निर्जीव वस्तूत प्राण आणण्याचा खटाटोप या मातीतल्या माणसाने इतक्या लवकर केला, त्याच्या गावात तो हाताने शिकण्याची एक तरी जागा असावी, एवढेच आमचे उत्तर आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही आठ दिवसांचा प्रायोगिक वर्ग घेतला. सातवीतल्या एका मुलाने गोदाघाटावरून पाण्यात सूर मारणारा पोरगा निवडला. दोन सेकंदांची उडी, चोवीस चित्रे. पहिल्या खेपेला त्याने सगळी चित्रे सारख्या अंतरावर काढली, आणि कागद भराभर उलटल्यावर पोरगा वरून पोते टाकल्यासारखा खाली आला. दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर घाटावर जाऊन तासभर उड्या पाहत बसला. परत येऊन त्याने उडीच्या माथ्यावरची सहा चित्रे एकमेकांना जवळजवळ चिकटवून काढली आणि खालची चित्रे लांब लांब टाकली. या वेळी पोरगा हवेत क्षणभर थांबला आणि मग पाण्यात गेला. वर्गातली सगळी मुले एकदम ओरडली. तो वर्ग आम्ही खिडकीच्या काचेवर कागद धरून चालवला होता, कारण खालून उजेड देणारी एकही पेटी आमच्याकडे नव्हती. चार वाजता ऊन उतरले की काम थांबायचे.

म्हणून पहिली गरज लाइट बॉक्सची आहे. लाकडी चौकट, दुधी काच, एलईडी पट्टी आणि खुंट्यांची पट्टी असे सगळे धरून एका पेटीला सुमारे 3,000 रुपये पडतील, असे आमच्या सुताराने सांगितले आहे. अशा 12 पेट्या, एक कॅमेरा उभा करण्याचे स्टँड, एक जुना परंतु चालता संगणक आणि वर्षभराचा कागद मिळाला तर वर्ग सुरू होऊ शकतो. आपण एका पेटीचा खर्च उचलू शकता, चौघांनी मिळून एक पेटी देऊ शकता किंवा कागदाची रिमे आणून देऊ शकता. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब दर तिमाहीला वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

दुसरी विनंती निवृत्त चित्रकला शिक्षकांना आणि मुंबईच्या स्टुडिओंत ट्रेसिंग, रंगभरणी किंवा मधली चित्रे काढण्याचे काम करून आता नाशिकला स्थायिक झालेल्या मंडळींना आहे. आठवड्यातून दोन तास मुलांच्या शेजारी बसावे, बोलले नाही तरी चालेल, पेन्सिल चालवावी. आपल्याकडे जुने सेल, रेखाटने, चौकटींचे तक्ते माळ्यावर पडून असतील तर कृपया रद्दीत देऊ नयेत. जुन्या सेलना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर त्यांचे प्लॅस्टिक विघटित होऊ लागले आहे असे समजावे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न ठेवता इतरांपासून वेगळे, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावेत आणि आम्हांला कळवावे. आम्ही त्यांची छायाचित्रे काढून मूळ वस्तू आपल्याला परत करू, आणि आपली इच्छा असेल तरच ठेवून घेऊ.

वाचनालयाचे कार्यालय सोमवार सोडून रोज सायंकाळी 5 ते 8 उघडे असते. खोलीला चुना लावून झाला आहे आणि पहिल्या दोन पेट्यांची लाकडे सुताराकडे पोहोचली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बालवाचनालय कार्यकारिणी, पंचवटी, नाशिक