व्हॅलेन्सियाहून परत आल्यावर मनूला पत्र

प्रिय मनू,

येऊन आठवडा झाला तरी दुपारचे दोन वाजले की कान आपोआप टवकारतात. आई म्हणते बीपी चेक करून या. तिला काय सांगू, तिकडं गल्लोगल्ली मोठे पुतळे उभारतात त्या फायास सणात पालिकेच्या चौकात १ ते १९ मार्च रोज बरोब्बर दोनला ती मास्क्लेता, म्हणजे फटाक्यांची माळ, उडते, बाल्कनीतून ती नटलेली पोरगी ओरडते की दारूकामवाले साहेब, करा सुरू, आणि मग जे काय होतं ते ऐकायचं नसतंच, अंगावर घ्यायचं असतं. तू म्हणालीस बाबा तोंड उघडं ठेवा, कानाला बरं पडतं, मी तसाच आ वासून उभा. भर उन्हात फटाके कशाला, दिसणार काय, असं मला पहिली दोन मिनिटं वाटत होतं. मग लक्षात आलं की हा ठेका आहे! आधी सुटे सुटे, मग गती वाढत वाढत जाते, आपला हलगीवाला शेवटी कसा चढवत नेतो तसं, आणि अखेरीला जमीन हादरते, त्याला ते भूकंपच म्हणतात. पाच-सात मिनिटांत खेळ खलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेले.

आता खरं बोलायचं ते बोलतो. गेल्या वर्षभरात मी तुला फोनवर बरंच काय काय बोललो. मी पाचला उठून फोन लावायचो, तुझ्याकडं रात्रीचे साडेबारा, आणि मागं बँड वाजत असायचा नाहीतर माणसांचा गलका. शिकायला गेलीस का फिरायला, असं म्हणालो होतो. एकदा तू फोनच कट केलास. ते बरोबर केलंस.

कारण मी स्वतः बघितलं ना, तुमच्या रुसाफा भागात रात्री एक वाजता ऐंशीच्या आज्ज्या फोल्डिंग खुर्च्या टाकून बसलेल्या, शेजारी बाबागाडीत पोर झोपलेलं, मेट्रो रात्रभर चालू. जेवणच दहाला सुरू होतं तिथं. आणि माझा मोबाईल बंद पडून मी गर्दीत हरवलो तेव्हा त्यातल्याच एका आजीनं मला खुर्ची दिली, द्रोणात बुन्युएलो दिले. लाल भोपळ्याचे गं! म्हणजे आपले घारगेच, फक्त भोकाचे, आणि दाट गरम चॉकलेटात बुडवून खायचे. तू सापडेपर्यंत मी सहा खाल्ले, हे आईला सांगू नकोस.

मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते त्यांचं सणाचं मंडळ. शहरात चारशेच्या घरात मंडळं, प्रत्येकाची स्वतःची जागा, वर्षभर वर्गणी, लॉटरी, जेवणावळी, आणि दुसऱ्या गल्लीचा देखावा आपल्यापेक्षा उंच झाला म्हणून जळफळाट. आपल्या तालमीत पंचवीस वर्षं पावतीपुस्तक सांभाळलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. डोल्साइना वाजली तेव्हा तर मी वळून बघितलं, सनईवाला इथं कुठनं आला म्हणून. त्या ऑपेरा हाऊसमध्ये मात्र मला झोप लागली, सॉरी, तिकिटाचे पैसे वाया घालवलेस. बाहेरून बघायलाच मजा, मोठ्ठं हेल्मेट ठेवल्यासारखं. ते उभं आहे ती जागा म्हणजे नदीचं जुनं पात्र, १९५७ च्या पुरानंतर त्यांनी तुरिया नदीच शहराबाहेरून वळवली, हे ऐकून मला आपली पंचगंगा आणि २०१९ चा पूर आठवला. असो.

१९ तारखेची रात्र. तुमच्या गल्लीतला तो मोबाईल बघणाऱ्या आजीचा पुतळा, दोन मजले उंच, नखांना रंगसुद्धा दिलेला. अग्निशमनवाल्यांनी आधी आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारलं. मग ती दहाएक वर्षांची रेशमी झग्यातली पोर आली, कानावर केसांचे गोल अंबाडे, तिनं वात पेटवली आणि लगेच हमसून रडायलाच लागली. आजीच्या गालाचा रंग आधी फुगला, मग पापुद्र्यासारखा सुटला, आतला लाकडी सांगाडा दिसायला लागला. मी तुला म्हणालो, अगं वर्षभराची मेहनत, लाखो रुपये, हे जाळतात? तू वळलीसुद्धा नाहीस, म्हणालीस, आणि आपण गणपतीचं काय करतो इराणी खणीत? मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. १९३४ पासून दरवर्षी मतं घेऊन एक पुतळा वाचवतात म्हणे, मोठ्यांपैकी. चांगलं आहे, पण मला त्या पोरीचं रडणंच आठवतंय. विसर्जनाहून मोकळा पाट घेऊन घरी आलो की तू अशीच रडायचीस, पाचवीपर्यंत.

आणि एक. १९ मार्च, सेंट जोसेफचा दिवस, म्हणजे तिकडं फादर्स डे असतो हे तू मला एअरपोर्टवर सांगितलंस! आदल्या रात्री सांगितलं असतंस तर चॉकलेटचे पैसे तुझ्याकडून घेतले असते.

तो निळ्या चौकड्यांचा रुमाल मी तालमीच्या मीटिंगला गळ्यात घालून गेलो, पोरं विचारत होती कुठल्या पक्षाचा.

आई मेथकूट आणि कोकम पाठवतेय, डबा परत आण. आणि पाचला फोन मी लावणारच, सवय आहे. मागं बँड असला तर बाहेर ये आणि फोन जरा वर धर.

तुझा
बाबा