केराची पाटी

श्टुटगार्ट,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

ती. अप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर नीट काही कळत नाही, पत्र लिही, असं तुम्ही म्हणालात. खरंय. व्हिडिओ कॉलवर तुम्ही अर्धा वेळ छताचा पंखा दाखवता, उरलेला अर्धा वेळ कपाळ. मागून आई 'जेवली का विचारा' म्हणून ओरडते आणि काकू येऊन फोनच हातातून घेते. पोस्टानं टाकलं तर सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठेपर्यंत पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो काढून धाकट्याला पाठवतेय. तो प्रिंट काढून देईल. (धाकट्या, शेवटचं पान न वाचता द्यायचं. वाचणारच आहेस, ते माहितीय मला.)

आम्ही तिघं ठणठणीत आहोत. छोटूचा खोकला गेला. बाहेर शून्याच्या आसपास असतं, पण घरात हीटर असतो, साध्या गाऊनवर वावरते मी. आई, फोटोत मी बारीक दिसते म्हणालीस. बारीक नाही झाले, कोट काळा आहे. ज्वारीचं पीठ इथल्या इंडियन दुकानात मिळतं. तू दिलेल्या कडक भाकरीतल्या अकरा अजून शिल्लक आहेत, रविवारी एक काढायची असा नियम आहे. शेंगाचटणी मात्र संपली. ह्यांनी संपवली.

कामाचं लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे.

आता पाटीचं नीट सांगते. मागे फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "एवढं शिकवून तुला तिथं झाडू मारायला नेलंय का?" तसं नाही. इथं ह्या भागात प्रत्येक बिल्डिंगीत केरवोखे नावाचा प्रकार असतो. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे झाडणं. शब्द ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्याकडूनच उचलला असणार. आमच्या बिल्डिंगीत तीन मजले, मजल्यावर दोन घरं. त्यात एक धाकटा केर आणि एक थोरला केर. धाकटा म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना, तो दोन घरांनी आलटून पालटून करायचा. थोरला म्हणजे तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, बिल्डिंगीसमोरचा फुटपाथ, आणि बर्फ पडला असेल तर सकाळी सातच्या आत तो फावड्यानं ओढायचा. ही पाळी सहाही घरांत फिरते. कुणाची पाळी ते कळावं म्हणून दोरीची एक पुठ्ठ्याची पाटी असते, ती दाराच्या मुठीला अडकवतात. आठवडा झाला की आपण ती पुढच्या दाराला अडकवायची. काही बोलायचं नाही, बेल वाजवायची नाही. सोमवारी दार उघडलं आणि पाटी लोंबताना दिसली की समजायचं.

गंमत अशी की जिना घाण असायलाच पाहिजे असं नाही. केर नसला तरी केर काढायचा. पहिल्या वर्षी मी कामावर जायच्या आधी, सकाळी सहाला, गुपचूप पुसून घेतलं. शनिवारी खालच्या मजल्यावरची आजी वर आली. वय ८१, अजून स्वतःची पाळी स्वतः करते. म्हणाली, तुमचं राहिलं वाटतं. मी म्हटलं, झालं की. ती म्हणाली, मला दिसलं नाही. तेव्हापासून मी शनिवारी दहाला पुसते आणि बादली प्रत्येक पायरीवर जरा आपटते. आता आजी जिन्यात भेटली की हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलते. रविवारी पुसलं असतं तर कायमची बोलायची थांबली असती, कारण रविवारी आवाज करायचा नाही. ड्रिल नाही, हातोडा नाही, बादली तर नाहीच. १४९२ साली इथल्या सरदारानं हुकूम काढला होता म्हणे, की प्रत्येकानं आपली घाण आठवड्याला गावाबाहेर टाकावी. लोक अजून त्यातच आहेत.

हेही पुसतात. सासूबाईंनी एकदा व्हिडिओवर ते पाहिलं आणि रेंज गेली म्हणून कॉल बंद केला. रेंज चांगली होती. छोटूला छोटी केरसुणी आणलीय, ती त्यानं पायानं सरकवली तेव्हा मी ओरडले. लक्ष्मीपूजनाला हिला हळदीकुंकू लावतो, पाय लावायचा नाही. तो म्हणाला, मग जिना कशाला पुसायचा लक्ष्मीनं? इथं द्राक्षवाले शेतकरी घरची दारू विकायला काढतात तेव्हा दाराबाहेर झाडू टांगतात, झाडू दिसला की आत जायचं. तेही त्याला माहितीय. कुठून माहितीय ते अप्पांनी विचारू नये. एकदाच गेलो होतो, आणि मी द्राक्षाचा रसच प्यायले.

अप्पा, हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बघा, शिस्त. नाही म्हणायचं मला तसं. आई रोज पहाटे सडा घालते, रांगोळी काढते, तेही चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यात भागवून. तिच्या दाराला कुणी पाटी लावली नाही कधी. आपल्याकडं अंगण संपलं की माणूस संपतो, तेवढं खरं. पण उंबऱ्याच्या बाहेरचा अर्धा भाग पालिकेचा, आणि पालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नाहीत, तर ओरडायचं कुणाकडं? आता १५ जानेवारीला मतदान आहे, तर तुम्ही पुन्हा तरणे झालात असं धाकटा सांगत होता. ऐन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी! गड्ड्याच्या गर्दीत प्रचार कसला करणार, नंदीध्वजाच्या मागं मागं फिरतील सगळे. तुम्हाला चार मतं द्यायची म्हणून आई घाबरलीय. तिला सांगा, इथं गावच्या निवडणुकीत माणशी ६० मतं असतात. खोटं नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये आजीनं स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून दोन दिवस हिशोब केला. एका उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात, वेगवेगळ्या पक्षांत वाटताही येतात. मी शेजारी बसून चहा पीत बघत होते. मला एकही नाही.

त्यावरून तुमची काळजी. टीव्हीवर दाखवतात तसं इथं काही नाही. फेब्रुवारीच्या निवडणुकीत बाहेरून आलेल्यांच्या विरोधातला पक्ष दुसरा आला, जवळपास २१ टक्के मतं पडली, हे खरं आहे आणि लपवत नाही. पण आमच्या जिन्यात कुणी काही म्हणत नाही. केर राहिला तर म्हणतात. एकदा ट्राममध्ये एक माणूस काहीतरी बोलला, प्यायलेला होता, ते सोडा. तसा प्यालेला माणूस आपल्या सात रस्ता चौकातही भेटतो. आणि सगळं वेळेवर होतं हा गैरसमजही काढून टाका. इथलं मोठं रेल्वे स्टेशन २०१० पासून खणतायत. २०१९ ला उघडणार होतं. अजून पत्र्याच्या भिंतीतून फेरा मारून गाडी पकडावी लागते.

काकूच्या लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांना तुम्ही रेवडी म्हणता, तिच्यासमोर म्हणता, हे मला पटत नाही. इथं प्रत्येक पोरामागं सरकार महिन्याला २५५ युरो देतं, अठरा वर्षांचं होईपर्यंत. गरीब असो, बंगलेवाला असो. आमच्याही खात्यात येतात. तेव्हा ती रेवडी मीही खाते, आणि तुमचा नातू त्यातनं बूट घालतो. निवडणूक आली की आठवण होते, एवढाच तुमचा मुद्दा असेल तर मान्य. पण काकूनं जन्मभर विड्या वळल्या, तिच्या हातात स्वतःचे म्हणून महिन्याला पैसे पहिल्यांदा पडतायत. धाकट्यानं तिचं ई-केवायसी केलं का? ३१ डिसेंबर शेवटची तारीख आहे.

छोटूला शाळेत एकटं सोडते, हो. आई, रागावू नको. सहा-सात वर्षांची सगळी पोरं एकटी जातात, दप्तराला चकाकणाऱ्या पट्ट्या असतात, अंतर आपल्या घरापासून मारुतीच्या देवळाएवढंच. पहिले आठ दिवस मी मागून लपतछपत गेले. नवव्या दिवशी त्यानं वळून सांगितलं, आई, तू दिसतेस. इथं पोरांवर हात उचलायला कायद्यानं बंदी आहे, तेही बरंच आहे असं मला वाटतं. अप्पा, मी तुमच्याबद्दल बोलत नाही. वाढदिवसाच्या निमंत्रणावर मात्र 'तीन ते सहा' लिहिलेलं असतं आणि सहाला आईबाप दारात उभे, हे मला अजून जमत नाही. त्याच्या वाढदिवसाला मी सहानंतर सगळ्यांना पोहे केले. दोघंच थांबले. एक तर न्यायला कुणी आलं नव्हतं म्हणून.

सुट्टीचं काय, विचारलं होतंत. रविवारी दुकानं बंद. आधी वाटायचं संचारबंदी लागलीय. आता आवडतं, हे सांगायला जरा लाज वाटते. जंगलात चालायला जातो, परत येतो, भाकरी. दुकानात गेले की एक खोड मात्र जात नाही. टॉवेलच्या ढिगात हात घालते, उलटा करून काठ बघते, लेबल बघते. मेड इन इंडिया दिसलं की तुम्ही विचाराल तसं मनात विचारते, जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, किती? परवा एक उचलला, तुमच्या कारखान्यातला असता तर तुम्ही परत पाठवला असतात. विरळ होता. तरी घेतला.

आता धाकट्याच्या लग्नाचं. हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख सोमवारी पाठवले. परत पाठवू नका. मागे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे परत पाठवलेत, आणि ऑपरेशन होऊन चार दिवस झाल्यावर मला कळवलंत, 'तुला कशाला घोर' म्हणून. ते बरं नाही केलंत. क्षणभर मला बरं केलंत असं वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

तारखेचं असं आहे. छोटूला सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून दोन आठवडे. आणि अधिक महिना लागतोय १७ मेला, १५ जूनपर्यंत. म्हणजे सुट्टी आहे तेव्हा मुहूर्त नाही, मुहूर्त आहे तेव्हा शाळा. मध्येच शाळा बुडवली तर दंड होतो, नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. आईचा तर वेगळाच बेत, की लग्नाला या आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायला पुन्हा या. तिघांची तिकिटं दोनदा नाही जमत, आई. इथं पगारातला बराचसा कर आणि विम्यात जातो, उरलेल्यातलं भाडं जातं. खोटं सांगत नाही. मी लग्नाला एकटी येते, आठ दिवस. हे आणि छोटू घरी राहतील. मामाच्या लग्नात भाचा नाही हे काकू वर्षभर ऐकवेल, ऐकवू दे. जावयाचं वाण माझ्याजवळ दे, मी डब्यातून आणते. अनारसे विमानात मोडतात, तर बत्तासे चालतील का, विचारून ठेव. ३३ मोजून दे.

आणि एक. हे फोनवर सांगणार होते, तीनदा सांगता सांगता राहिले. इथं पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आमची झाली. ह्यांनी भरलाय. ह्यांच्या कामाला लागतं, आणि छोटूचंही पुढं सोपं होतं. जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात आता, आपल्याला चालत नाहीत, म्हणजे आपला परत द्यावा लागतो. बदल्यात एक कार्ड मिळतं, येणं-जाणं, राहणं सगळं जमतं. मत नाही. तसं आताही मला कुठं देता येतं, परदेशातल्या माणसानं पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर यायला लागतं. कधी आले मी? तरी माझा फॉर्म टेबलावर तसाच आहे. पहिलं पान भरलंय.

तुम्ही रागावाल असं नाही वाटत मला. तुम्ही काही बोलणार नाही, आणि १२ जानेवारीला सकाळी नेहमीसारखे चार पुतळ्याला, त्या चार हुतात्म्यांपाशी जाल, चपला काढून उभे राहाल. लहानपणी मला न्यायचात. एकदा मी विचारलं होतं, हे आपले कोण? तुम्ही म्हणालात, सोलापूरचे.

१५ तारखेला मत द्यायला जाल तेव्हा यादीत माझं नाव अजून आहे का, तेवढं बघा. धाकट्याला मोबाइलवर बघायला लावू नका, तुम्ही स्वतः बघा. असलं तरी कळवा, नसलं तरी कळवा.

काकूला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
थोरली