कर्नल हलका करा, पण फाइलसिस्टीमवर कात्री नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुण्यातल्या शाळा, ग्रंथालये, छोटी कार्यालये यांनी जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स घालावे, हा सल्ला योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला ‘कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः बांधा, नको ते काढून टाका’ असेही सांगितले जाते. कर्नलच्या पर्यायांतील ‘फाइल सिस्टीम्स’ (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती) या विभागात ही काटछाट हमखास नडते.

पर्याय निवडायच्या ‘मेक मेनूकॉन्फिग’ या यादीत वाय म्हणजे कर्नलमध्येच, एम म्हणजे लागेल तेव्हा जोडायचा वेगळा तुकडा (मॉड्यूल) आणि एन म्हणजे नाहीच. मॉड्यूल लागेपर्यंत मेमरीत चढत नाही. त्यामुळे एन करून डिस्कवरच्या थोड्या जागेपलीकडे फारसे काही वाचत नाही. रूट पार्टिशनची, म्हणजे मुख्य प्रणाली असलेल्या डिस्कभागाची, फाइलसिस्टीम, बहुधा ईएक्सटी४, मात्र वायच ठेवावी. ती एम ठेवली आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीलाच मेमरीत चढणारा मॉड्यूल्सचा छोटा संच) बनवायचे राहिले, तर डिस्क वाचायला लागणारे मॉड्यूल त्याच डिस्कवर अडकते आणि कर्नल पॅनिक होतो, म्हणजे संगणक सुरू होतानाच थांबतो. तेव्हा पडद्यावरचा ‘अननोन-ब्लॉक’पुढचा आकडा नीट पाहावा. ०,० असेल तर बहुधा डिस्कशी बोलणारा एएचसीआय किंवा एनव्हीएमईचा ड्रायव्हरच राहिलेला असतो. ८,१ सारखे काही असेल तर डिस्क सापडली आहे, फाइलसिस्टीम ओळखता आलेली नाही. हा फरक ठाऊक नसल्याने माणसे तासन्‌तास भलताच पर्याय बदलत बसतात.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा त्या क्षणी चढलेली मॉड्यूल्सच ठेवते. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर एक्सफॅट ही मोठ्या कार्डांवरची फाइलसिस्टीम गळते, आणि ६४ जीबीचे एसडी कार्ड घेऊन कोणी आले की मशीन हात वर करते. आज्ञा देण्यापूर्वी रोज लागणारी सगळी साधने एकदा जोडून घ्यावीत.

सर्वांत दुर्लक्षित जागा या विभागाच्या तळाशी आहे: ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’. पेनड्राइव्हवरच्या व्हीफॅट या फॅट प्रकारच्या फाइलसिस्टीमला सहसा कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ ही फाइलनावांतली अक्षरे ओळखण्याची दोन्ही कोष्टके लागतात. ‘आपल्याला काय करायचीत’ म्हणून ती काढली की पेनड्राइव्ह तर जोडला जात नाहीच, शिवाय यूईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) संगणकाचे ईएफआय पार्टिशनही, म्हणजे सुरू होण्याच्या फाइलींचा डिस्कभाग, फॅटच असल्याने ते माउंट होत (जोडले जात) नाही आणि प्रणाली सुरू करणारी सिस्टमडी बूट अर्ध्यावर थांबवून इमर्जन्सी मोडमध्ये टाकते. दोष व्हीफॅटवर येतो, कारण कोष्टकात असते.

मराठीत काम करणाऱ्यांनी ‘फाइल सिस्टीम्स’मधल्याच डॉस/फॅट उपविभागात आणखी एक पर्याय पाहावा: ‘फॅट डिफॉल्ट यूटीएफ८’ (यूटीएफ-८ म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धती). तो सहसा बंद असतो. डेस्कटॉप पेनड्राइव्ह आपणहून जोडतो तेव्हा यूटीएफ-८ मागून घेतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. एफएसटॅब या जोडणीच्या यादीतून किंवा स्क्रिप्टने जोडला की देवनागरी फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि त्या फाइली उघडतही नाहीत. सदाशिव, नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्यांकडे ‘लग्नपत्रिका अंतिम’ नावाची फाइल घेऊन गिऱ्हाईक येते, तिथे हे परवडणारे नाही. त्यावर ‘आयओचारसेट’ (फाइलनावांचा अक्षरसंच) यूटीएफ-८ करण्याचा उपाय मात्र टाळावा. त्याने फॅटवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात आणि कर्नल स्वतःच तसा इशारा देतो.

काही गोष्टी काळानेच काढल्या आहेत. ईएक्सटी३चा वेगळा ड्रायव्हर कर्नल ४.३ पासून नाही, ते काम ईएक्सटी४ करतो. रायझरएफएस ही जुनी फाइलसिस्टीम ६.१३ मध्ये गेली. तसली जुनी बॅकअप डिस्क कपाटात असेल तर आधीच्या कर्नलवर माहिती उतरवून घ्यावी. एक्सएफएसच्या जुन्या व्ही४ रचनेचा पाठिंबा सप्टेंबर २०३० मध्ये काढायचे ठरले आहे.

नवा कर्नल बांधताना कोरी यादी भरू नये. ‘बूट’ फोल्डरातली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल उचलावी, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (जुनी निवड ठेवून नव्या पर्यायांना ठरलेली मूल्ये देणारी आज्ञा) चालवावे आणि मग बदल करावेत. मराठी नावाच्या फाइली असलेला पेनड्राइव्ह एकदा हाताने माउंट करून पाहीपर्यंत जुना कर्नल ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडायच्या) यादीतून काढू नये.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे