कॅसेट खराब नव्हत्या: पुण्याच्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या कार्यकारिणीने तुमच्या आभाराचा ठराव केला आहे, तो टपालाने मिळेलच. पण ठराव म्हणजे चार ओळी. तुम्ही नेमकं काय केलंत, ते त्यात कुठेच येत नाही. मानधन तुम्ही घेतलं नाहीत. शाल-श्रीफळालाही नको म्हणालात. वर म्हणालात, ‘त्यापेक्षा काय झालं होतं ते नीट लिहून ठेवा, दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला उपयोगी पडेल.’ म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, आणि तांत्रिक तपशिलासकट लिहितेय.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. आमचं तळकोकणातलं तालुक्याच्या गावचं वाचनालय. दर वर्षी व्याख्यानमाला होते. २००४ ते २००९ या काळातली व्याख्यानं मिनी डीव्ही कॅसेटवर चित्रित झाली, मुंबईच्या एका चाकरमान्याने दिलेल्या कॅमेऱ्यावर. त्यातले बरेच वक्ते आता हयात नाहीत. या कॅसेट फायरवायरच्या वायरने संगणकावर उतरवायच्या, त्या मोठ्या फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवायच्या, आणि लोकांना बघायला लहान एमपी४ फाइल करून द्यायची, असं काम सुरू होतं. डीव्हीची तासाभराची फाइल साधारण १३ जीबी होते. ती काही कुणाला फोनवर पाठवता येत नाही. म्हणून कन्व्हर्ट करणं आलंच. त्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने एफएफएमपेग हा व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारा प्रोग्रॅम टाकून, त्याला द्यायच्या आज्ञा लिहिलेली एक बॅच फाइल करून दिली होती. तिच्यावर व्हिडिओ आणून सोडला की रात्रभरात काम होऊन जायचं.

मग एके दिवसापासून फाइली बिघडून यायला लागल्या. गोंधळ असा की एररचा एक शब्द नाही. काम पूर्ण झालं म्हणून खिडकी बंद व्हायची, फाइल तयार असायची, पण उघडली की वक्त्याच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन. हात हलला की सगळं चित्र विस्कटायचं. पूर्वी तासाभराच्या व्याख्यानाची फाइल सहाशे-सातशे एमबीची व्हायची, ती आता दीडशेच्या आसपास. अध्यक्षांच्या फोनवर ती निदान चालायची. चिटणीसांनी लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये लावली तर नुसता आवाज, चित्रच नाही. एकाच फाइलबद्दल दोघं दोन गोष्टी सांगत होते आणि दोघंही खरं सांगत होते.

दुरुस्तीला ज्यांना बोलावलं त्यांनी प्रोग्रॅम काढून नवा टाकला. फरक पडला नाही. कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओचे वेगवेगळे प्रकार उलगडणाऱ्या जोडण्या, टाकला. तरी तेच. शेवटी निदान झालं की कॅसेटच गेल्या. आणि ते आम्हाला पटलंही, कारण कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागते हे इथे प्रत्येकाने पाहिलंय, आणि डीव्ही कॅसेट खराब झाली की चित्रात चौकोनच दिसतात. कार्यकारिणीत विषय आला, की खराब कॅसेटवर आणखी खर्च कशाला करायचा, काम थांबवूया. त्या बैठकीनंतर मी घरी जाऊन जेवले नाही, हे आज तुम्हाला सांगते.

आमच्या एका सभासदांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही पुण्यात, व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचंच काम करता, एवढंच ठाऊक होतं. तुमची-माझी आजवर प्रत्यक्ष भेट नाही. ऑफिस सुटल्यावर तुम्ही फोन केलात आणि मी घाईघाईने सगळी कहाणी सांगायला लागले. तुम्ही ती पूर्ण ऐकून घेतलीत. मग पहिला प्रश्न विचारलात: ‘कन्व्हर्ट केलेली राहू दे, मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघितलीत का? त्यात चौकोन आहेत?’

मी लावली. चित्र स्वच्छ होतं.

ताई, एवढ्या दिवसांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. तुम्ही पुढे समजावलंत तेही मी वहीत लिहून ठेवलंय: कॅसेटचा दोष असेल तर तो मूळ फाइलमध्ये दिसणारच, ठराविक जागी, क्षणभर, तुकड्यातुकड्याने. इथे चौकोन सगळ्या चित्रभर आहेत आणि हालचाल झाली की वाढतात. म्हणजे चित्र कॅसेटवर नाही, कन्व्हर्ट होताना मरतंय. त्या एका वाक्याने आमच्या कॅसेट वाचल्या. बाकीचं सगळं पुढे झालं, पण त्या रात्री मला झोप लागली ती या वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडायला लावलीत. ती उघडायची मला भीती वाटते, हे तुमच्या लक्षात आलं असणार. कारण तुम्ही एकेक अक्षर सांगत होतात आणि मी टाइप करेपर्यंत थांबत होतात. एफएफएमपेग चालवल्यावर वर जो मजकूर भराभर सरकतो, तो आजवर कुणी वाचला नव्हता. तुम्ही म्हणालात, त्याचा फोटो काढून पाठवा. आणि त्या फोटोतून तुम्ही तीन गोष्टी दाखवल्यात.

पहिली, आवृत्ती. नुकता डाउनलोड करून टाकलेला प्रोग्रॅम, आणि खिडकी सांगत होती कितीतरी वर्षं जुनी आवृत्ती. दुसरी, ‘कॉन्फिगरेशन’ म्हणून जी लांबलचक ओळ येते, तिच्यात लिबएक्स२६४ हे नाव नव्हतं (ते कशाला लागतं, ते पुढे येईलच). तिसरी, थोडं खाली एक बाण होता. बाणाच्या एका बाजूला ‘डीव्हीव्हिडिओ’, दुसऱ्या बाजूला ‘एमपेग४’. तिथे एच.२६४ हा व्हिडिओचा नवा प्रकार हवा होता.

मग तुम्ही ‘व्हेअर’ ही आज्ञा द्यायला सांगितलीत, त्यापुढे एफएफएमपेगचं नाव. उत्तरात एकाखाली एक दोन पत्ते आले. आमच्या संगणकावर एफएफएमपेग एक नव्हतं, दोन होती! खालचा पत्ता आपण टाकलेल्या नव्या प्रतीचा. वरचा पत्ता एका वेगळ्याच प्रोग्रॅमच्या फोल्डरमधला. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे स्कॅन लहान-मोठे करायला तो टाकला होता आणि येताना तो स्वतःच्या वापरासाठी एफएफएमपेगची जुनी प्रत घेऊन आला होता. तो संगणकावर आल्यापासूनच फाइली बिघडायला लागल्या होत्या. नुसत्या नावाने हाक मारली की विंडोज ‘पाथ’च्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीत वरून खाली शोधतं आणि पहिल्यांदा सापडेल त्याला चालवतं. त्यातही यादी दोन असतात, अख्ख्या मशीनची आणि वापरणाऱ्याची, आणि मशीनची आधी बघितली जाते. त्या प्रोग्रॅमने आपलं फोल्डर मशीनच्या यादीत घातलं होतं. आमची नवी प्रत वापरणाऱ्याच्या यादीत होती. मग ती किती वेळा काढून परत टाकली तरी काय होणार? तिच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

चित्र इतकं वाईट का येत होतं, तेही मी विचारलं आणि तुम्ही कंटाळा न करता सांगितलंत. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. एफएफएमपेग हा फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेला मुक्त प्रकल्प. एच.२६४ वाचण्याची सोय त्याच्याकडे स्वतःची आहे, पण लिहायला त्याला बाहेरचा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ त्या प्रकारात बसवणारा भाग लागतो, बहुतेक वेळा एक्स२६४ (खिडकीतलं लिबएक्स२६४ ते हेच). हा वेगळा प्रकल्प, त्याचा परवाना जीपीएल हा अटी घालणारा, त्यामुळे काही जण एफएफएमपेग बांधताना तो वगळतात. आमच्या बॅच फाइलमध्ये एन्कोडरचं नाव दिलेलं नव्हतं, नुसती एमपी४ फाइल मागितली होती. अशा वेळी एक्स२६४ हाताशी असेल तर एच.२६४ होतं. नसेल तर एफएफएमपेग गुपचूप जुन्या एमपेग-४ वर येतं, आणि त्या एन्कोडरला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती वापरायची ते, सांगितला नाही तर तो सेकंदाला २०० किलोबिट धरतो. मूळ डीव्ही सेकंदाला २५ मेगाबिटचं, म्हणजे सव्वाशे पट. तेवढ्या चिमूटभर जागेत ७२० बाय ५७६ चं चित्र कुठून मावणार! ब्राउझरमध्ये चित्र का नव्हतं तेही यातच आलं: तो जुना प्रकार चिटणीसांच्या ब्राउझरला उलगडताच येत नव्हता, फोनला येत होता.

दुसरी प्रत उडवून टाकूया, असं माझ्या तोंडून गेलं. तुम्ही म्हणालात, ‘नको, त्या प्रोग्रॅमला ती लागते, त्याचं काम बंद पडेल.’ त्याऐवजी आपल्या बॅच फाइलमध्ये नव्या प्रतीचा संपूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहिलात, म्हणजे यादीत शोधाशोधच नको. आणि एन्कोडर म्हणून लिबएक्स२६४ चं नाव स्पष्ट घातलंत. मी विचारलं, पत्ता दिला तर नाव कशाला? तुमचं उत्तर मला फार आवडलं: ‘उद्या परत कुणी काही बदललं आणि हा एन्कोडर सापडला नाही, तर अननोन एन्कोडर म्हणून ते तिथल्या तिथे थांबेल. थांबलेलं कळतं. वाईट फाइल महिनोन्महिने कळत नाही.’ एवढ्यावर न थांबता प्रत्येक फाइल झाल्यावर एफएफप्रोब हा एफएफएमपेगचाच जोडीदार प्रोग्रॅम तिचा कोडेक, म्हणजे व्हिडिओचा प्रकार, दाखवेल आणि खिडकी आपोआप बंद होणार नाही, अशीही सोय केलीत.

मग आधी दहा सेकंदांचा तुकडा करून बघायला लावलात. चित्र स्वच्छ आलं, पण वक्त्याचा हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, तुम्हालाच ते खुपलं. आपल्याकडची डीव्ही सेकंदाला २५ फ्रेमची, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची विणलेली, आणि खालची ओळ आधी. ती उकलायला तुम्ही यॅडिफ नावाचा फिल्टर घातलात आणि रेघा गेल्या. हे तुमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

त्या तुकड्यात कोण होतं, हे तुम्हाला त्या वेळी सांगायचं राहिलं. आमच्याच तालुक्यातले एक शेतकरी, आयुष्यभर भाताची जुनी बियाणी जपलेले. व्यासपीठावर त्यांनी लोंब्यांच्या जुड्या आणल्या होत्या. वालय, बेळा, सोरटी, एकेक जुडी उचलून, दिव्यासमोर धरून ते फरक सांगतात: दाण्याचा रंग, कुसळ आहे की नाही, लोंबी किती वाकते. बिघडलेल्या फाइलमध्ये त्यांच्या हातात नुसता पिवळट डाग होता. ते बोलतात ‘हे बघा’ आणि बघायला काही नाही. तुमच्या फाइलमध्ये कुसळ न् कुसळ दिसतं. सोरटीच्या वेळी ते एक दाणा नखाने सोलून आतला तांदूळ पहिल्या रांगेतल्या मुलाच्या तळहातावर ठेवतात, तोही दिसतो. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या नातवाला फाइल दिली तर त्याने ती वाचनालयातच उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा लावली. आता त्यातली जी वाणं गावात कुणाकडे उरली आहेत, ती तो शोधतोय.

म्हणून म्हणते, तुम्ही आमचा संगणक दुरुस्त केलात असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं आहेत. आमच्यासारख्यांच्या अनुदानात पुस्तकं, पगार आणि वीजबिल भागवताना ओढाताण होते. जाणकार इंजिनिअर कुठून आणायचा? अशा ठिकाणी ‘कॅसेट गेल्या’ हा शब्द शेवटचा ठरतो आणि खोकं भंगारात जातं. कुणी वाईट मनाने करत नाही. खिडकीत काय लिहिलंय ते वाचणारं माणूस तिथे नसतं, एवढंच. तुम्ही दिवसभर ऑफिसात हेच काम करून, रात्री फोनवर, एका अनोळखी ग्रंथपाल बाईला एकेक ओळ वाचायला शिकवलीत. आवाज एकदाही चढला नाही. ‘तुम्हाला नाही कळणार’ असं एकदाही म्हणाला नाहीत. याबद्दल तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला सुचत नाही, पण मनापासून मानते.

बिघडलेल्या सगळ्या फाइली मूळ प्रतीवरून पुन्हा करून झाल्या आहेत. उरलेल्या कॅसेटचं कॅप्चर चालू आहे आणि कार्यकारिणीने काम पुढे नेण्याला मंजुरी दिली आहे. बॅच फाइलमध्ये कोणती ओळ कशासाठी आहे, ते मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवलंय. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने त्याची प्रत मागून नेली.

आता एक विनंती. २००४ च्या आधीच्या काही व्हीएचएस कॅसेट कपाटात सापडल्या आहेत. त्यांतल्या दोनांवर खरंच पांढरी बुरशी दिसते. त्या मी प्लेअरमध्ये अजून घातलेल्या नाहीत, कारण एकीची बुरशी प्लेअरच्या हेडला लागून दुसरीवर जाते असं तुम्हीच बोलण्यात म्हणाला होतात. त्या प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बाजूला ठेवल्यात. त्यांचं काय करायचं, सवड होईल तेव्हा सांगा. आणि मे महिन्यात या बाजूला आलात तर वाचनालयात जरूर या. भाताचं ते व्याख्यान मोठ्या पडद्यावर लावायचं ठरवतोय, तुमच्या तारखा कळल्या तर त्याप्रमाणे दिवस धरू.

आपली,
वाचनालयाची ग्रंथपाल